दात दाव

"दात दाव."

नाव, इयत्ता, वडील काय करतात, यातलं काही विचारायच्या आधी आमचे बँडमास्तर एवढंच म्हणायचे. मग बैल पारखावा तशी पोराची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचे. तुम्हाला वाटेल, शाळेच्या बँडात घेताना मास्तर सूर तपासत असतील, ताल तपासत असतील. छे! "कान शिकवता येतोय रं, दात न्हाय," असं त्यांचं म्हणणं.

मास्तर मूळचे करमाळ्याकडचे. पोलीस बँडातून निवृत्त होऊन सोलापुरात आमच्या शाळेत आले आणि राहायलाही आमच्याच बोळात. संध्याकाळी ओट्यावर बसून क्लॅरोनेट वाजवायला लागले, की नळावरची भांडणंसुद्धा थांबायची. मी आठवीत होतो आणि मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. फक्त ते काळं, लांब, चंदेरी चाव्यांचं क्लॅरोनेट हवं होतं.

कुणाला कोणतं वाद्य, हे मास्तर कडक भाकरीवर ठरवायचे. पत्र्याच्या डब्यातून एकेक भाकरी काढून पोरांच्या हातात द्यायची आणि बघत बसायचं. समोरच्या दातांनी टचकन तोडली तर क्लॅरोनेट. कडेला सारून दाढेखाली घेतली तर पितळी वाद्य. हातानं बारीक तुकडे करून खाणाऱ्याच्या गळ्यात ड्रम.

ही गोम मला आधीच कळली होती. दुष्काळ नुकताच सरला होता, ज्वारी महाग होती, तरी मी आईच्या मागे लागून रोज कडक भाकरी मिळवली आणि समोरच्या दातांनी तोडायची तालीम केली. इतकी केली, की निवडीच्या दिवशी सकाळी हिरड्या सुजून टम्म!

मास्तरांनी भाकरी दिली. समोरचा दात लागताच डोळ्यांत पाणी आलं. भाकरी आपोआप दाढेखाली गेली.

"युफोनियम," मास्तर म्हणाले.

"मास्तर, मला क्लॅरोनेट पायजे."

"तुला पायजे रं. तुज्या तोंडाला नको हाय."

माझ्याबरोबर नरसय्या आला होता. विणकराच्या घरचा, माझ्या बाकावरचा. त्याला बँडाचं सोयरसुतक नव्हतं, मला सोबत म्हणून आलेला. "मला बी द्या की एक," म्हणाला आणि भुकेल्या पोरानं खावी तशी टचाटच भाकरी तोडली. मास्तर उठून उभेच राहिले. "दात दाव!" म्हणाले. क्लॅरोनेट नरसय्याला गेलं.

मी जळलो. साधासुधा नाही, पार खाक झालो. पंधरा ऑगस्टच्या संचलनात नरसय्या पुढे, मास्तरांच्या बाजूला. मी शेवटच्या रांगेत, ते पितळी धूड कवटाळून पों पों करत. घरी आल्यावर आमची ताई म्हणायची, "नरसय्या काय गोड वाजवतो रे!" मास्तर त्याला ओट्यावर बोलावून शिकवायचे, बशीत चहा ओतून द्यायचे. मी खिडकीतून बघायचो. एकदा न राहवून विचारलं, "मास्तर, मला कधी बोलावणार?"

"तुजं बरं चाललंय की," ते म्हणाले आणि पुन्हा त्याच्याकडे वळले.

शाळा संपली. मी नोकरीला लागलो, पण सुट्टीच्या दिवशी एका बँडात युफोनियम घेऊन बसत राहिलो. नरसय्या मागावर बसला, त्याचं लग्न झालं. एकदा चौकात भेटला तेव्हा म्हणाला, "क्लॅरोनेट व्हय? सोडलं की कवाच." मला इतका आनंद झाला, की मीच त्याला चहा पाजला. ही बातमी मास्तरांना आपणच सांगायची, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

सांगायची वेळ आली तेव्हा मास्तर अंथरुणाला खिळले होते. काकू कडक भाकरी दुधात भिजवून भरवत होत्या.

"दात दावा, मास्तर," मी म्हणालो. ते बोळकं पसरून हसले. मग हळूच म्हणाले, "नरसय्या वाजवतोय न्हवं?"

वाक्य तोंडात तयार होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "वाजवतोय की. लई गोड."

"झ्याक. त्याचीच काळजी हुती." त्यांनी माझा हात धरला. "तुजी कंदी न्हवती."

मी अजून वाजवतो का, हे त्यांनी विचारलंच नाही.

त्यांच्या अंत्ययात्रेत आम्ही जुने विद्यार्थी वाद्यं घेऊन चाललो. पहिल्या रांगेत क्लॅरोनेटची जागा कुणीतरी मोकळी ठेवली होती. नरसय्या उशिरा आला आणि रिकाम्या हातांनी त्या जागेवर चालू लागला. मी मागून वाजवत होतो. डोळ्यांना धार लागली होती आणि तेवढ्यातही मला त्या जागेचा हेवा वाटत होता.