पहिल्या वर्षाची हुर्यो

बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईचं नाव आईबापांनी भलतं नाजूक ठेवलं होतं. गल्लीने ते चार दिवससुद्धा टिकू दिलं नाही. पोर रडली की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. शाळेत बाई म्हणायच्या, "तू कविता मनातल्या मनात म्हण गं, आम्हाला ऐकू येते." तेव्हापासून ती भोंगा झाली, आणि भोंगाच राहिली.

लग्न झालं ते एका शिंप्याशी. तो कापड मापून वापरायचा आणि शब्द त्याहून मापून. गिऱ्हाईक तासभर भांडून गेलं तरी हा तोंडात मिठाची गुळणी धरून काज करत बसायचा. सासू म्हणायची, "दोघांचा आवाज एका पातेल्यात ओतून निम्मा निम्मा केला असता, तर दोन माणसं नीट झाली असती."

स्टँडवर भोंगाची काचेची खोली होती. माइक बिघडला की ती दार उघडून नुसती हाक मारायची, आणि पलीकडच्या टपरीत पेपर वाचत बसलेला ड्रायव्हर पेपर टाकून पळत यायचा. पण तिचा खरा मान वेगळाच होता. व्यावसायिक बास्केटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या दिवशी, पहिल्या सामन्याआधी, आजवरच्या सगळ्या विजेत्यांची नावं भरल्या स्टेडियममध्ये तीच वाचायची.

वाचणं सोपं वाटतं. आधी वर्ष, मग संघाचं नाव, मग थांबायचं. सगळी गंमत त्या थांबण्यात होती. तेवढ्या वेळात त्या संघाचे लोक नाचायचे आणि बाकीचं स्टेडियम त्यांची हुर्यो उडवायचं. कुणाला किती वेळ द्यायचा ते भोंगाला तोंडपाठ. गिरणीचा संघ एकदाच जिंकलेला, त्याला एका श्वासाची हुर्यो पुरायची. वीजघर इतक्यांदा जिंकलं होतं की त्यांचं नाव आलं की लोक आधी छाती भरून घ्यायचे आणि मगच ओरडायचे. टपालखात्याने करंडक नेला त्या वर्षी समोरच्या संघाची बस उशिरा पोचली होती, आणि खेळाडू धापा टाकतच मैदानात उतरले होते. हे नाव भोंगा चवीचवीने घ्यायची. बस तिच्या स्टँडवरची नव्हती ना!

आणि सगळ्यात वर, पहिल्या वर्षाला, गोदी. गोदी बंद पडली तसा संघही विखुरला. मेलेल्या संघाची हुर्यो कोण उडवणार? लोक आपले हळू टाळ्या वाजवायचे, आजारी माणसाच्या खोलीत वाजवाव्यात तशा. पण त्या संघाच्या बाकावर, अगदी टोकाला, एक काटकुळा पोरगा बसायचा. अंतिम सामन्यात बाकीचे फाउल करून बाद झाले म्हणून शेवटी त्यालाही उतरवलं होतं. तोच हा शिंपी. घरात याबद्दल चकार शब्द नाही. फक्त वर्षातून एकदा, ते नाव ऐकायला, तो इस्त्रीचा शर्ट घालून स्टेडियमात जाऊन बसायचा.

यंदा स्पर्धा भरवणाऱ्या क्लबला नवा मॅनेजर आला. बूट पांढरे, हसू त्याहून पांढरं, आणि प्रत्येक वाक्याला आधी उशी लावायची सवय.

"म्हणजे काय आहे ना मॅडम, छोटासाच बदल आहे. आपण यादी जरा फ्रेश करतोय. पहिलं वर्ष काढलंय."

"काढलंय म्हणजे? गळू होतं का?"

"हा हा! तसं नाही. कमिटीचं असं फीलिंग आहे की ते वर्ष प्रोफेशनल धरू नये. ते खेळाडू दिवसा गोदीत पोती उचलायचे."

"मग हौसेने उचलायचे का? खेळाच्या पगारात भाकरी यायची, कालवण यायचं नाही, म्हणून उचलायचे. पोती उचलून संध्याकाळी जिंकले ते कमी, आणि दुपारी झोपून जिंकतात ते जास्त?"

"इमोशनल नका होऊ मॅडम. आता फक्त दुसऱ्या वर्षाला पहिलं म्हणायचं."

"थोरला गेला की मधल्याला थोरला म्हणायचं, असं का? तुमच्या घरी म्हणा. मी गोदीपासून वाचणार."

"मग आम्हाला रेकॉर्डिंग लावावं लागेल."

"लावा की. मी कुठे तुमच्या वायरीवर उभी आहे?"

घरी येऊन तिने पर्स आपटली आणि सगळं सांगितलं. शिंप्याने सुईवरून डोळे काढले नाहीत.

"जाऊ दे ना. मी खेळलो तरी किती?"

"जिंकलात ना?"

"संघ जिंकला."

"आणि तुम्ही कुठे होतात, बाहेर तिकिटं फाडत?"

"बाकावर."

"मग बाकही जिंकला!"

तो म्हणाला, यंदा मी येत नाही. मान अजून खालीच होती, पण दोरा काही केल्या सुईत जाईना. ते पाहून भोंगाचा राग मॅनेजरवरून नवऱ्यावर सरकला आणि घट्ट झाला. हा माणूस आयुष्यात एकदा जिंकला होता. तेही आता कुणीतरी पांढऱ्या बुटाने पुसून टाकणार, आणि हा पाय उचलून त्याला जागा करून देणार!

"शर्ट मी इस्त्री करते," ती म्हणाली. "येत नाही म्हणालात तर स्टेडियममध्ये बसून हाक मारीन. गल्लीला ऐकू येईल."

हे खोटं नाही हे त्याला ठाऊक होतं. तो आला.

स्टेडियम भरलं. दिवे मंद झाले, आणि पाकात बुडवून काढलेला एक आवाज भोंग्यांतून ठिबकू लागला. "नमस्काऽऽर! आपल्या देदीप्यमान परंपरेचे पहिले मानकरी, गिरणी, त्यानंतर टपालखातं, त्यानंतर वीजघर, पुन्हा वीजघर..."

आवाज थांबेचना. ज्याने हे रेकॉर्ड केलं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे थांबायचं असतं. गिरणीसाठी काढलेली हुर्यो टपालवाल्यांच्या डोक्यावर पडली. टपालवाले नाचायला उठले तोवर वीजघराचं नाव येऊन गेलं. वीजघराचा एक जाड पाठीराखा छाती भरून ओरडला आणि मग त्याला कळलं की आपण स्वतःलाच शिव्या घालतोय. "ए, थांबव रे ते!" "कोण जिंकलं कोण?" "आम्ही! नाही, तुम्ही! अरे, बस खाली!" शिट्ट्यांचा असा कल्लोळ उठला की मॅनेजरने घाबरून रेकॉर्डिंग बंद करायला लावलं.

भोंगा शिंप्याशेजारच्या आपल्या जागी उठून उभी राहिली. हातात माइक नाही.

"पहिलं वर्ष. विजेता संघ, गोदी!"

आणि ती थांबली.

कुणीच काही बोलेना. तरुण पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मॅनेजर पायऱ्या चढू लागला. शिंप्याने तिचा पदर ओढला, "अगं, बस खाली." ती बसली नाही, आणि पुढेही गेली नाही. पुढचं नाव घेऊन ती शांतता भरून टाकणं अगदी सोपं होतं. पण ज्याचा वेळ त्याला द्यायचा, हे तिने आजवर कधी मोडलं नव्हतं.

मग समोरच्या बाजूला एक टकला, गोल माणूस उठला. बेकरीवाला. त्या वर्षी गोदीच्या विरुद्ध अंतिम सामना खेळलेला.

"हुर्योऽऽ!" तो ओरडला. "ओ मॅनेजर, ते वर्ष काढलं म्हणे! अहो, त्या वर्षी आम्ही फायनलला हरलो होतो! हरलो होतो म्हणतो मी! आयुष्यात एकदाच तिथवर पोचलो, आता तेही नेता का? आणि हरलो कुठे, चोरी झाली! शेवटची बास्केट वेळ संपल्यावर टाकली या गोदीच्या चोरांनी!"

शिंपी ताडकन उभा राहिला. कुठून आला तो आवाज, देव जाणे.

"चोर कुणाला म्हणतो रे पाववाल्या? वेळ शिल्लक होता!"

"घड्याळ तुमच्या गोदीतलं होतं!"

"आणि पंच तुझा सख्खा मेहुणा होता! तरी हरलास!"

स्टेडियम दणाणून गेलं. हसू, शिट्ट्या, हुर्यो. ज्यांनी गोदीचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं होतं तेही दोन तट पाडून भांडू लागले. "चोर! चोर!" एक बाजू. "मेहुणा! मेहुणा!" दुसरी. शिंप्याचे कान लाल झाले होते आणि तो हसत होता, शिव्या खात खात.

मॅनेजर वर पोचला. हसू कुठेतरी पायरीवर सांडलं होतं.

"मॅडम, पुढच्या वर्षी तुमची खुर्ची नसेल."

"मी आत्ताही उभीच आहे, साहेब."

"हे बघा, ऑफिशियली..."

"ओ पांढरे बूट!" मागून कुणीतरी ओरडलं. "बसा खाली, बाई काय म्हणतात ते ऐकू येत नाही!"

बसायला जागा नव्हती. मॅनेजर पायरीवरच टेकला.

भोंगाने घसा साफ केला. शिंपी मात्र अजून वाकून, हात नाचवत, पलीकडच्या बेकरीवाल्याला बास्केट कशी पडली ते दाखवत होता. तिने त्याच्या खांद्याला धरून त्याला खाली बसवलं.

"अहो, पुरे आता," ती म्हणाली. "नंतरच्यांनाही जिंकू द्या."