वाणात दिलेला झेंडू

आमच्या आईच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे. पुण्यातल्या सोसायटीत कुणाचा मोगरा रुसला की कुंडी आमच्या गॅलरीत यायची आणि दोन महिन्यांनी कळ्यांसकट परत जायची. आईला दागिन्यांची हौस नव्हती, स्वयंपाकाचं कौतुक केलं तर ती कसनुसं हसायची, पण झाडांबद्दल कुणी बोललं की तिचा चेहरा उजळायचा. तिचा हा लौकिक मी घालवला. तिला सांगायची हिंमत आजवर झालेली नाही, म्हणून निदान कागदाला सांगतो.

इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या वॉटफर्डला आमचं घर आहे; त्याच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, मी काही वर्षं गांजाची रोपं वाढवत होतो. हे वाक्य लिहितानाही कान तापतात. ओढायचा शौक मला नव्हता; ओढला की खोकला यायचा आणि मग नुसती झोप. नाद होता तो स्वतःची जात तयार करण्याचा. गांजाची एक बुटकी जात असते. एरवी ही झाडं दिवस लहान व्हायची वाट बघतात, ही वाट बघत नाही. ठरावीक आठवडे भरले की आपोआप फुलते. त्यातलं उत्तम झाड निवडायचं, दुसऱ्या उत्तम झाडाशी संकर करायचा, बी धरायचं, पुन्हा पेरायचं. माझी चौथी पिढी चालली होती. वहीत नोंदी होत्या, पाकिटांवर सुवाच्य अक्षरात लेबलं होती. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या माणसाला आपण काहीतरी घडवतोय असं वाटायला एवढं पुरतं. हा गुन्हा आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि 'घरातल्या घरात आहे, कुणाला त्रास?' हे उत्तरही तयार होतं. शिकलेल्या माणसाच्या सबबीसुद्धा चांगल्या प्रतीच्या असतात.

आईचं सहा महिन्यांसाठी आमच्याकडे यायचं ठरलं तेव्हा बायकोने बजावलं, "त्या यायच्या आत लॉफ्ट रिकामा हवा. प्रॉमिस?" मी प्रॉमिस केलं. रोपं वाढवायचा तंबू काढला, दिवे काढले, मोठी झाडं नष्ट केली. चौथ्या पिढीची नऊ रोपं मात्र छतातल्या खिडकीखाली ठेवली. एवढीशी तर होती.

आई आली. एप्रिलमध्ये लॉफ्टमधला बॉयलर तपासायला माणूस येणार होता, म्हणून मी ती नऊ रोपं बागेतल्या शेडमध्ये लपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस नॉटिंगहॅमला जायचं होतं. बूट घालत होतो, तेवढ्यात आई हातात ट्रे घेऊन बागेतून आत आली.

"अरे, शेडमध्ये ही कसली रोपं ठेवलीस? गारठून गेली बिचारी."

"झेंडू आहे," मी म्हणालो. दातेरी पान बघून तेच सुचलं.

आईने चष्मा वर सरकवून पान बोटांत धरलं. "झेंडू? पान जरा निराळंच दिसतंय."

"इथला झेंडू असाच असतो, आई."

"असेल बाबा. तू म्हणतोस तर असेल." तिने ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. चाळीस वर्षं माती हाताळलेल्या बाईने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी सुटलो म्हणून खूश होऊन ट्रेन पकडली.

शुक्रवारी संध्याकाळी परत आलो तर घरभर आंब्याच्या डाळीचा आणि अत्तराचा वास होता. चैत्रगौरीचं हळदीकुंकू नुकतंच आटपलं होतं. ते मला माहीत होतं, पण त्याचा आणि माझ्या रोपांचा काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. खिडकी रिकामी होती.

"वाण म्हणून दिली!" आई म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "इकडे सगळ्या त्याच प्लॅस्टिकच्या डब्या देतात म्हणे. म्हटलं, काहीतरी जिवंत द्यावं. दह्याच्या डब्यांना भोकं पाडली, नवी माती घातली, प्रत्येक डब्यावर कुंकवाचं बोट लावलं. बायका नऊ आणि रोपंही नेमकी नऊ. दसऱ्याला सगळ्यांच्या दारात आपल्या झेंडूचं तोरण!"

नुकतीच कामावरून आलेली बायको माझ्याकडे बघत होती. तिने मला बागेत नेलं. "तो झेंडू नव्हता. हो ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आर यू मॅड? त्यातल्या एकीचा सेटलमेंटचा, इथे कायमचं राहायच्या परवानगीचा, फॉर्म गेलाय. नर्स आहे ती. घरात हे सापडलं तर तिच्या व्हिसाचं काय होईल? फुलं कधी येणार?"

"तीनेक आठवड्यांत. आपोआप येतात."

"मग उद्याच्या उद्या जा आणि सगळी परत आण. आणि काय सांगायचं ते तूच ठरव, मला विचारू नकोस."

मी ठरवलं. खरं सांगायला नऊ वाक्यं लागली असती, एकेका घरी एक. त्याऐवजी मी सांगितलं की रोपांना मर लागली आहे. आईने जी नवी माती घातली तिच्यातून रोग आला, तुमच्या बाकीच्या झाडांनाही लागेल. आईचं नाव घ्यायची खरंतर गरज नव्हती. पण घेतलं की गोष्ट खरी वाटत होती, म्हणून घेतलं.

शनिवारी गाडी घेऊन दारोदार फिरलो. सगळ्यांनी रोपं दिली. पण आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. कुणी डब्याबरोबर केळी दिली, कुणी साखरेचा पुडा, एकीने बेसनाचे लाडू. "काकूंना सांगा हं, वाईट वाटून घेऊ नका." डिकीत आठ बेकायदा रोपं, प्रत्येक डब्यावर कुंकवाचं बोट, आणि शेजारी लाडू. सिग्नलला थांबलो की मागे बघवत नव्हतं.

नववं घर त्या नर्सचं होतं. तिने रोप तुळशीशेजारी, रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलं होतं. ती ऐकेना. "वाण परत कसं द्यायचं, दादा? मी काकूंनाच विचारते." आणि तिने मी समोर असतानाच फोन लावला, स्पीकरवर.

तिने सगळं सांगितलं.

"मर?" आई म्हणाली. "असं कोण म्हणालं?"

"दादाच म्हणाले. नवीन मातीमुळे."

"हो का. मग देऊन टाक गं. माझंच चुकलं. इथली माती मला ठाऊक नाही, उगाच हात घातला. तुझ्या तुळशीला काही झालं तर मला सांग हं."

तेव्हा बोलायला हवं होतं. फोन दोन हातांवर होता. मी डबा उचलला आणि थँक्स म्हणून निघालो.

घरी आलो तेव्हा आई सोफ्यावर फोन नंबरांची वही मांडीवर घेऊन बसली होती आणि एकेकीला फोन करून माफी मागत होती. मी शेडमध्ये जाऊन नऊ रोपं उपटली, चिरून टाकली. आणि लाज वाटते सांगायला, पण उपटतानाही माझी नजर कोणतं आधी फुललं असतं ते शोधत होती. माझी नोंदींची वही आणि बियांची पाकिटं जाळायला मला आणखी एक महिना लागला. त्या नर्सला पुढे सेटलमेंट मिळालं. ती पेढे घेऊन आली, आधी आईच्या पाया पडली. मी माझा पेढा बशीत तसाच ठेवला.

मागच्या दिवाळीत पुण्याला गेलो. गॅलरीत एकही कुंडी नव्हती. मोगरा कुठे गेला, विचारलं.

"दिले सगळे वाटून," आई म्हणाली. "आता माझ्या हाताला यश नाही राहिलं रे. कुणी कुंडी आणली तर नको म्हणते. उगाच दुसऱ्याच्या घरी रोग कशाला?"

मी म्हणालो, "आई, तेव्हा वॉटफर्डला..."

"तेच तर," ती म्हणाली. "तुझी रोपं किती टवटवीत होती. मी हात लावला आणि गेली." मग ती आत गेली आणि एक जुनी कुंडी आणि कागदाची पुडी घेऊन आली. पुडीत दसऱ्याच्या तोरणातला वाळका झेंडू होता, बियांसाठी ठेवलेला.

"तू लाव," ती म्हणाली. "तुझा हात चांगला आहे."

ती शेजारी पाट घेऊन बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून, मातीला न शिवता. मी बी पेरलं.