किल्ली बंद करून उतरलेला घाट

हौसेनं मोटारसायकली घेऊन भटकणाऱ्या लोकांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. सोलापूरच्या उन्हात काळी जॅकेटं घालायची, गुडघ्यांना वाट्या बांधायच्या, मोहोळपर्यंत जाऊन भजी खायची आणि परत यायचं. वर त्याला राईड म्हणायचं. मी पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करणारा माणूस. माझी शंभर सीसीची गाडी वीस वर्षं जुनी, आणि माझं जॅकेट म्हणजे बायकोनं विणलेला स्वेटर.

आमच्या चहाच्या टोळक्यानंही गाड्या घेऊन घाटात जायचं चार वर्षं नुसतं ठरवलं. कधी कुणाच्या साडूच्या घरची मुंज, कधी कुणाचा गुडघा. सगळ्यांत पुचाट होता तो माझा शाळेपासूनचा मित्र, कापडाच्या दुकानाचा मालक. हेल्मेट घालून दूध आणायला जाणारा सोलापुरातला हा एकमेव इसम. मोकळ्या गल्लीत वळतानाही इंडिकेटर देतो. 'एकट्यानं घाटात जाऊ नये' असं तो म्हणाला, तेव्हाच मी एकटा जायचं ठरवलं.

साताऱ्याच्या पलीकडं, नकाशात केसाएवढा दिसणारा एक रस्ता मी निवडला. चढ मजेत गेला. वर धुकं होतं आणि मक्याचं कणीस भाजणारी एक बाई होती. तिथं पुण्याची चार पोरं दरीकडं पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होती. एवढ्या लांब येऊन दरीला पाठ दाखवायची, तर घरी आरसा काय वाईट होता? त्यांच्याकडं बघत मी कणीस संपवलं आणि उताराला लागलो.

आता आमच्याकडं उतार असतो केवढा? उड्डाणपुलावरून खाली येण्याएवढा. उतार दिसला की किल्ली बंद करायची, गाडी न्यूट्रल करायची आणि फुकटात घरंगळायचं, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही येतं. पेट्रोल वाचतं. मी तेच केलं. इंजिन बंद झाल्यावर असा काही गारवा आणि शांतता लागली की जॅकेटवाल्यांची कीव आली. यांना एवढी साधी युक्ती ठाऊक नाही.

पाचव्या की सहाव्या वळणावर जळका वास आला. ब्रेक दाबला, तर पाय खालपर्यंत गेला आणि गाडी तशीच पळत राहिली. पुढचा दाबला, त्याचंही तेच. पुढचं वळण दरीच्या बाजूला होतं आणि कठडा अर्धा पडलेला. मी सरळ डोंगराकडच्या गटारात गाडी घातली. पुढचं चाक वाकलं, मी चिखलात पालथा पडलो आणि थोडा वेळ उठायला भ्यालो. खरं सांगतो, रडलो.

कोबी उतरवून परत निघालेल्या एका टेम्पोवाल्यानं मला आणि गाडीला उचललं. जिवाची चौकशी करायच्या आधी त्यानं किल्ली बघितली. "बंद करून कोण उतरतं का काका? दुसरा गिअर टाकायचा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर राहिलं की ब्रेक तापून मरतात." उरलेला घाट मी टेम्पोच्या हौद्यात, कोबीच्या पानांवर बसून उतरलो.

चाक बदलायला साताऱ्यात दोन दिवस गेले. सोलापूरला येऊन मात्र मी काय सांगितलं? की घाट सोडवेना, म्हणून दोन दिवस जास्त राहिलो. की अख्खा उतार किल्ली बंद करून आलो, थेंबभर पेट्रोल जाळलं न्हाय. पडलो तरी नाक वर. सगळे वा वा करत होते. कापडवाला तेवढा विचारत होता, "ब्रेकवर लोड येत न्हाय का रे?" मी म्हणालो, "तू आपला दूध आण." सगळे हसले. तोही हसला, पण चहा अर्धा ठेवून उठला.

महिन्याभरानं, रविवारी सकाळी, त्याचा फोटो आला. हेल्मेट, मागं धुकं, तीच कणीसवाली. खाली लिहिलं होतं: 'एकटाच आलोय. आता तुझ्यासारखा उतरणार, किल्ली बंद करून.'

पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे लपवत नाही. माझं बघून कुणीतरी काहीतरी केलं होतं. मग तो पडका कठडा आठवला. तरीही मी लगेच फोन केला नाही. पाच मिनिटं तरी नुसता बसलो. फोन केला की खरं सांगावं लागणार, आणि तेही नेमकं याला. असल्या वेळी माणूस स्वतःची अब्रू तोलत बसतो. थू माझ्या जिनगानीवर.

दोनदा लावला, रेंज नाही. तिसऱ्यांदा वाजत राहिला आणि शेवटी त्यानं उचलला.

"उतरू नकोस," मी म्हणालो. "किल्ली चालू ठेव. दुसऱ्या गिअरात उतर."

"मी अजून वरच हाय," तो म्हणाला. "कधीचा उभा हाय. किल्लीला हात लावायचा धीरच होईना. स्वतःलाच शिव्या देत होतो, लई भित्रा हाय म्हणून."

मग त्यानं विचारलं, "पण तू तर बंद करून उतरलास की."

"टेम्पोतनं उतरलो. ब्रेक गेले होते. गटारात पडलो."

आता हा हसणार, उद्या चहावर सगळ्यांना सांगणार, म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला. पलीकडं वाऱ्याचा आवाज येत होता.

"कुटं लागलं न्हवतं न्हवं तुला?" त्यानं विचारलं.