मामा म्हणायचं न्हाई

“खोली देतो, पण एक अट हाय. मला मामा म्हणायचं न्हाई.”

कापूरहोळला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी हे बोट रोखून सांगितलं, तेही मला नाही, माझ्या बायकोला. खिळे ठोकू नका, पाहुणे आणू नका, असल्या अटी तुम्हीही ऐकल्या असतील. ही मी तरी पहिल्यांदाच ऐकली. म्हटलं, म्हातारा चक्रम दिसतोय. पण वरव्याच्या कारखान्यात नवी नोकरी लागलेली, खोली हवीच होती. मान डोलावली.

खरं कारण शेजारणीनं सांगितलं. गृहस्थांना बहीण नव्हती, म्हणजे भाच्याही नव्हत्या. कुणी मामा म्हटलं की ते विरघळायचे. आणि भाचीकडं भाडं वाढवून मागायचं कुठल्या तोंडानं? चारपैकी तीन खोल्यांत अशा भाच्या होऊन बसल्या होत्या, भाडं वर्षानुवर्षं तेच. चौथ्या खोलीत तरी साधा भाडेकरू राहावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

बायकोनं आठवडाभर पाळलं. मग एका सकाळी मोटर चालू होईना, आणि ही दारातून ओरडली, “अवो मामा, पाणी!” झालं! दिवाळीला हिला साडी आली. आता मामा नाहीत, पण ती साडी हिनं अजून कुणाला हात लावू दिलेली नाही.

सगळं गोड होतं, फक्त स्लॅब गळत होता. अख्खा पावसाळा आम्ही कॉट इकडून तिकडं सरकवत काढला. गवंड्यानं सांगितलेला खर्च भाडं वाढवल्याशिवाय निघणारा नव्हता. मामा बिचारे टोपी सारखी करून, खाकरून दारात उभे राहायचे. ही म्हणायची, “बसा मामा, चहा टाकते.” चहा पिऊन झाला की मामा उठायचे. “पोरी, नवा इंद्रायणी आलाय. पायलीभर धाडून देतो.” काय म्हणावं या माणसाला! वाढ मागायला आला आणि तांदूळ कबूल करून गेला.

शेवटी मीच डोकं चालवलं. चारी भाच्यांना म्हटलं, महिनाभर त्यांना ‘मालक’ म्हणा. जरा परकं वाटलं की मागतील भाडं, होईल स्लॅब, राहू आपण कोरडे. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होतो.

दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, “या मालक.” मामांनी मागं वळून पाहिलं, कोण मालक आलाय ते. मागं कुणीच नव्हतं.

“काय चुकलं का गं माझं?” एवढंच विचारलं आणि चहा न घेता गेले.

भाडं राहिलं बाजूला, त्यांनी आमच्या दाराकडं येणंच सोडलं. मोटर चालू केली की लांबूनच सांगायचे, “पाणी आलंय हो.” माझ्या बायकोला ‘हो’! ती माझ्यावर अशी भडकली की विचारू नका. मलाही फार वाईट वाटलं. शुद्ध गाढवपणा केला होता मी.

मग एका रविवारी डोक्यावर धपधप सुरू झालं. सत्तरी ओलांडलेले मामा डांबराचा डबा घेऊन एकटेच स्लॅबवर चढले होते. दिवसभर भेगा बुजवत बसले. दुसऱ्या दिवशी वर बादलीभर पाणी ओतलं आणि विचारलं, “गळतंय का हो?”

आम्ही दोघं खालीच उभे. पहिली धार माझ्या टकलावर, दुसरी शेगडीवर. मी बोलणार, तोच बायकोनं माझं तोंड दाबलं आणि वर बघून ओरडली, “न्हाई मामा! एक थेंब न्हाई!”

वर रिकामी बादली खडखडली. मामा म्हणाले,

“मग आनखी एक बादली वततो गं, पोरी.”