निळ्या पुंग्या

आमच्या वहिनीला सगळी गल्ली कात्रीवहिनी म्हणते. हे नाव मीच पाडलं आणि त्याबद्दल ती मला अजून बोल लावते. तिचं म्हणणं, कात्री म्हटलं की लोकांना हातातली नाही, तोंडातली आठवते. मी म्हणतो, मग लोकांचं काय चुकलं?

मी छापखान्यात कटिंग मशीनवर आहे. पुस्तकांच्या कडा कापल्या की कागदाच्या लांबच लांब पट्ट्या खाली पडतात आणि रद्दीत जातात. मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात वहिनीने त्या पाहिल्या, आणि तेव्हापासून मी रिकाम्या हाताने घरी आलेलं तिला खपत नाही. पिशवीत, डब्यात, कधी शर्टाच्या आत पोटाशी गुंडाळून मी कागद आणतो. मालकाला हे माहीत आहे. पण त्याच्या नातवासाठी वहिनीने केलेली कागदी आगगाडी अजून त्याच्या कपाटात आहे, त्यामुळे माझ्या फुगलेल्या पोटाकडे तो काणाडोळा करतो.

दादा, म्हणजे तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर जगाला वर-खाली करतो आणि घरी आला की खुर्चीतून हलत नाही. आम्हा तिघांना मिळून दोन खोल्या, त्यातली एक कागदाची. जेवायच्या टेबलावर खळीचं भांडं, खिडकीत वाळत घातलेली फुलं, पलंगाखाली बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणि त्यात रंगवार लावलेले तुकडे. एकदा माझ्या पाठीला सोनेरी चांदणी चिकटली होती, ती घेऊन मी दिवसभर छापखान्यात मिरवलो. एकाही शहाण्याने सांगितलं नाही. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "बरं झालं आणलीत, मी शोधतच होते."

वहिनी फक्त छोट्या समारंभांची कामं घेते. वाढदिवस, निवृत्ती, नवं घर, खूप दिवसांनी आलेला भाऊ. दहा-पंधरा माणसं, एक खोली, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी. डबी, पंखा, फूल, टोपी, असंच. मोठ्या हॉलमधलं काम आलं की ती सरळ नाही म्हणते. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं घे की, नाव होईल तुझं."

"भाऊजी, शंभर माणसं आली की वस्तू वाटतात. बारा आली की देतात. मला वाटपाचं काम नको."

मी कपाळाला हात लावला. असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

काम घेताना ती जे प्रश्न विचारते तेही ऐकण्यासारखे असतात. येणाऱ्यांत कुणी म्हातारं आहे का, कुणाचे हात थरथरतात का, कुणी डावखुरं आहे का. ज्याच्यासाठी समारंभ, त्याला एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागदाला हात लावणार नाही. आणि प्लास्टिकशी तिचं हाडवैर आहे. नुसती टेप दिसली तरी नाक मुरडते.

या सगळ्या तिच्या तऱ्हांपायी एका रविवारी आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, ते सांगतो.

आमच्या वरच्या मजल्यावर मुंगी राहते. अंगाने एवढीशी, म्हणून मुंगी. तिच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. गेल्या वर्षी मोठं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. पण घरी सोडताना डॉक्टरांनी तिच्या आईला बजावलं होतं, ओठांवर लक्ष ठेवा, निळसर दिसले तर क्षणभर थांबू नका, तशीच उचलून आणा. ते वाक्य त्या बाईच्या डोक्यात जे रुतलं ते निघेना. शाळेत शिकवणारी, खळखळून हसणारी बाई, वर्षभर रजा घेऊन घरी बसली. सकाळी पोरीला उठवलं की आधी खिडकीपाशी न्यायची, हनुवटी वर करून उजेडात ओठ बघायची. जेवल्यावर बघायची, जिना चढल्यावर बघायची. पोरीला पळायची बंदी, ओरडायची बंदी. डोक्यावर लहान मूल राहतं पण पावलांचा आवाज म्हणून कधी ऐकू यायचा नाही. ऐकू यायचं ते एवढंच, "हळू, मुंगे, हळू."

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, आता ही पोरगी चारचौघींसारखी. शाळेत घाला, पळू द्या, फुंकायचे खेळ द्या, छातीला चांगलं. मुंगीच्या आजोबांनी ते ऐकलं आणि हट्टच धरला, की आता चार माणसं बोलवून पोरीचं कौतुक करायचंच. आजोबा म्हणजे पांढऱ्या झुपकेदार मिशांचे निवृत्त बसचालक, अजून हॉर्न वाजवल्यासारखं बोलतात. त्यांच्यापुढे सुनेचं काही चालेना. ती मुंगीला घेऊन खाली आमच्याकडे आली.

"वहिनी, काहीतरी साधंच करा. पोरं फार उड्या मारणार नाहीत असं."

वहिनीने तिच्याकडे पाहिलंच नाही. मुंगीला समोरच्या खुर्चीवर बसवलं. "तुला काय हवंय गं?"

"पुंगी. फुंकली की लांब होणारी."

"अरे वा. कुठल्या रंगाची?"

"निळी."

"दुसरा रंग नाही का एखादा?" आई चटकन म्हणाली.

"निळीच," मुंगी म्हणाली, आणि विषय संपला. वहिनीला वाटलं, निळा मुलांचा, गुलाबी मुलींचा, असलं काही खूळ असेल बाईचं. मलाही तसंच वाटलं. त्या बाईला निळा रंग का नको होता, हे खरं तर शेंबड्या पोराला कळलं असतं.

पुढचे काही दिवस आमच्या घरात पुंग्यांचा कारखाना होता. पातळ कागदाची लांब नळी करायची, ती पेन्सिलीवर घट्ट गुंडाळून रात्रभर तशीच ठेवायची, म्हणजे कागदाला गुंडाळून राहायची सवय लागते. मग फुंकलं की नळी सरळ होते आणि फुंकणं थांबलं की परत गोळा होते. बाजारातल्या पुंगीला तोंडाशी प्लास्टिकची नळी असते. ती अर्थातच चालणार नव्हती. वहिनीने जाड कागदाची नळी वळली, आत शिट्टीसाठी कागदाचीच पट्टी बसवली. पण पांढरी नळी उघडीबोडकी दिसते म्हणून तिच्यावर पतंगाचा निळा कागद गुंडाळला. पुंग्या सुरेख झाल्या होत्या, खोटं कशाला बोलू. दादासुद्धा खुर्चीतून उठून बघायला आला.

रविवारी दुपारी आम्ही वर गेलो. गल्लीतली चार-पाच पोरं, मुंगीची मावशी, शेजारी, आम्ही. केक कापून झाला आणि वहिनीने प्रत्येकाच्या हातात पुंगी दिली. आधी मुंगीला. तिने फुंकली, ती अर्धीच उघडली. परत फुंकली. तिसऱ्यांदा पुंगी थेट आजोबांच्या नाकापर्यंत गेली आणि पोरगी अशी खिदळली की आम्ही तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो म्हणा ना. मग काय, सगळी खोली पीं पीं करायला लागली. आजोबांनी तर पोरांच्या वरताण केली. आई मात्र स्वयंपाकघरात फळं चिरत होती. आवाज तिला सोसत नव्हता.

ती ताट घेऊन बाहेर आली, सवयीने मुंगीकडे पाहिलं, आणि ताट हातातून पडलं.

मुंगीचे ओठ निळे होते. निळसर नाही, चांगले निळे.

त्या बाईने जी किंकाळी फोडली ती मी जन्मात विसरणार नाही. तिने पोरीला उचललं आणि ती जिन्याकडे धावली. मुंगीचे बाबा गाडीची किल्ली शोधत खिशामागून खिसे उलटे करत होते. आजोबा ओरडत होते, "बाजूला व्हा! हवा येऊ द्या! रस्ता द्या!" आणि स्वतःच दारात आडवे उभे होते. मुंगी घाबरून रडायला लागली, रडता रडता तिचा श्वास अडकायला लागला, ते बघून आई आणखी किंचाळली.

मी वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. "भाऊजी, मी फुंकायला दिली," ती म्हणाली. "तिला दम लागला. मी दिली फुंकायला." तिचा हात धरला तर बर्फ. पोरीला काही झालं तर ही बाई पुन्हा कात्री हातात धरणार नाही, आणि कात्रीचं जाऊ दे, ती जगेल कशी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि वहिनीचे डोळे एकदम एका जागी थांबले. ती आजोबांकडे टक लावून बघत होती. मी तिच्या नजरेमागे पाहिलं. आजोबा तसेच ओरडत होते. त्यांच्या पांढऱ्या मिशांचा खालचा अर्धा भाग निळा होता.

वहिनीने माझ्या हाताला हिसडा दिला, टेबलावरची एक पुंगी उचलली आणि जिन्याकडे पळाली. मी मागोमाग. "थांबा! अहो थांबा, तो रंग आहे!" ती ओरडत होती, पण त्या गोंधळात कुणाला काय ऐकू येणार? पहिल्या वळणावर तिने मुंगीच्या आईला गाठलं, तिच्यापुढे आडवी उभी राहिली आणि पुंगी तोंडात घालून जोरात फुंकली.

लेकरू मरणाच्या दारात आहे असं जिला वाटतंय तिच्या तोंडावर पुंगी! आईने तिला असा धक्का मारला की ती भिंतीवर आदळली. माझंही डोकं सटकलं. "वहिनी, वेड लागलं का तुला?" मी ओरडलो.

तिने उत्तर दिलं नाही. तिने पुंगी पुन्हा तोंडात घातली, लहान मूल गोळी चोखतं तशी चोखली, काढली आणि तोंड पुढे केलं. तिचे ओठ मुंगीसारखेच निळे झाले होते. तिने बोटाने ते पुसले आणि निळं बोट आईच्या डोळ्यांपुढे धरलं.

आई जागच्या जागी थांबली. मुंगीच्या बाबांनी खिशातून किल्लीऐवजी रुमाल काढला होता, तोच त्यांनी पाण्याने भिजवून आणला. आईने तो हिसकावून घेतला आणि पोरीचे ओठ पुसले. रुमाल निळा झाला. परत पुसले. खालून गुलाबी ओठ दिसायला लागले. तिने नखं बघितली, एकेक बोट उजेडात धरून. गुलाबी. बाबांनी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, तिला पाणी पाजा, आणि तुम्हीही प्या.

मग आम्हाला एकेक जण दिसायला लागला. वरच्या पायरीवर पोरं ओळीने उभी होती आणि सगळ्यांची तोंडं निळी. मावशी निळी. माझा भाऊ, जो कधी कशात भाग घेत नाही, तोही निळा. म्हणजे यानेही गुपचूप फुंकली होती! मी हसायला लागलो आणि मला ते आवरेना.

वहिनी मात्र भिंतीला टेकून खाली बसली होती. "पतंगाचा कागद ओला झाला की रंग सोडतो," ती मला सांगत होती, जणू मीच विचारलं होतं. "मला माहीत आहे ते. फुलांवर पाणी पडू देत नाही मी. पण आजवर लोकांनी माझ्या वस्तू हातातच घेतल्या हो, भाऊजी. तोंडात घालायची ही पहिलीच." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

मुंगीची आई तिच्याजवळ पायरीवर बसली. मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलली असती तरी तिचा हक्क होता. पण ती वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा आम्ही तिला रडताना पाहिलं नव्हतं. मग तिने नाक पुसलं.

"वर्षभर मी ज्याला भीत होते ना वहिनी, ते आज झालं," ती म्हणाली. "आणि काहीच झालं नाही."

माझ्या जिवात जीव आला तो त्या क्षणी. आजोबा खाली उतरून आले आणि इतक्या जोरात "हुश्श" म्हणाले की खालच्या मजल्यावर दार उघडलं. कुणीतरी त्यांना आरसा दाखवला. ते मिशा बघून म्हणाले, "शोभतात की."

मुंगीला या कशात रस नव्हता. तिची पुंगी धावपळीत पायाखाली चेंगरली होती आणि तिला ती हवी होती. वहिनीने डोळे पुसले, आपल्या हातातली पुंगी घेतली आणि नखाने तिच्या तोंडाचा निळा कागद सोलायला लागली.

"नको!" मुंगी ओरडली. "मला निळी हवी!"

"अगं सोने, रंग लागतो," वहिनी म्हणाली. "तशी नको. मी तुला उद्या दुसरी करून देते, पक्क्या रंगाची."

"द्या हो वहिनी तिला निळी," मुंगीची आई म्हणाली. "रंगाने काही कुणी मरत नाही."

आजोबांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. वर्षभर त्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. हसून मेलो, थकून मेलो, असंसुद्धा कुणी म्हणायचं नाही, असा त्या बाईचा दंडक होता. आज तो तिच्या तोंडून सहज निघाला, कुठल्याही आईच्या तोंडून निघतो तसा, आणि आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

वहिनीने टेबलावरची एक नवी पुंगी मागवून मुंगीला दिली. मुंगीने ती तोंडात घातली आणि जिना उतरत, प्रत्येक पायरीवर फुंकत, ती खाली अंगणात पळाली. आई पायरीवर बसूनच होती. ती उठली नाही आणि तिने हाकही मारली नाही.