मिस्त्रींचं शेवटचं चाक

मिस्त्री नव्या माणसाचं नाव नंतर विचारत, आधी त्याच्या पाठीवर बोटाचं पेर वाजवत. कान तिरका करून निकाल देत, "दमदार हाय!" नाहीतर, "आतून सुकलाय, चहा पाजा याला." माठ असो, नारळ असो, वाजवून बघितल्याशिवाय त्यांना कशाचाच भरवसा वाटत नसे. वाजवताना कुणी बोललेलं मात्र खपत नसे. "गप, ऐकू द्या!" असे काही खेकसत की पाहुणेसुद्धा चूप.

पंचवटीच्या पुढे त्यांचा टांगे-बग्ग्यांचा कारखाना होता. मागच्या शेडमध्ये त्यांच्या मुलानं, विलासनं, जुन्या गाड्या मांडून छोटं म्युझियम केलं होतं. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या गटाला ती जागा आवडायची. मिस्त्रींना म्युझियमचं कौतुक नव्हतं. "उभं राहिलेलं चाक सुकतं, न् सुकलं की वरची लोखंडी धाव सुटते. पाणी पाजत जा रे त्याला," असं ते बजावत. विलास नुसता हसे.

एकदा गेलो तेव्हा अंगणात भट्टी धगधगत होती आणि बापलेकांचं वाजलं होतं. मिस्त्रींचे हात आताशा कापायचे. "आज या चाकावर धाव नीट बसली तर भट्टी राहील," विलासनं आमच्यादेखत सांगून टाकलं, "नाहीतर उद्यापासून नुसतं म्युझियम."

मिस्त्रींनी बादल्या पाण्यानं भरल्या. आम्हा सगळ्यांच्या हातात एकेक दिली आणि चाकाभोवती उभं केलं. "मी सोड म्हटल्याबिगर थेंब सांडायचा नाय."

विलास आणि कारागिरानं लालभडक धाव सांडशीनं उचलून आडव्या चाकावर ठेवली. ती सगळीकडून बसली, एका बाजूला अडली. लाकूड धुमसलं, मग पेटलंच. डोळे चुरचुरत होते, बादलीची कडी हातात रुतत होती आणि मिस्त्री 'सोड' म्हणेनात.

"अप्पा, पाणी! जळतंय सगळं!" विलास ओरडला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी बादली उचललीसुद्धा.

"थांब!" मिस्त्री गरजले. धाव तशीच वाकडी गार झाली असती तर तिनं आवळून चाकाचे आडवे दांडे, आरेच, मोडले असते. त्यांनी घण उचलला. पहिला घाव हुकला, मातीत गेला.  कुणीतरी त्यांच्या हातातून घण घ्यावा असं वाटत होतं, आणि कुणी घेऊ नये असंही. दुसरा घाव बसला, धाव खटकन उतरली.

"सोड!"

वाफेत काही दिसेना. आत सांधे करकरत आवळत होते. वाफ विरली तेव्हा मिस्त्री चाकावर वाकून पेर वाजवत होते. आमच्यातलं कुणी अवाक्षर काढत नव्हतं, तरी खेकसले, "गप, ऐकू द्या!" मग विलासकडे न बघता म्हणाले, "बोलतंय."

भट्टी राहिली, पुढच्या थंडीत मिस्त्रीच गेले. मला त्यांची फार आठवण यायची, पण पाय तिकडे वळत नव्हता.

या उन्हाळ्यात मी गटाबरोबर पुन्हा गेले. भट्टी गार होती. ते चाक एका टांग्याला लावून शेडमध्ये उभं होतं, कडेला जळल्याचा काळा डाग. विलास तांब्यानं त्याच्यावर पाणी ओतत होता. आमच्या गप्पा जोरात चालल्या होत्या. त्यानं तांब्या खाली ठेवला, वाकून बोटाचं पेर वाजवलं आणि मागे न वळता खेकसला, "गप, ऐकू द्या!"

आम्ही सगळे चूप.