बिनलसणाचा ठेचा

मिरच्या भाजायच्या आधी शेजारचे वामनकाका गल्लीत येऊन आरोळी देत, "अरे भैया, खिड़की बंद कर लो, मिर्ची चढ़ा रहे हैं!" हिंदी मुलखातल्या, मदन महल भागातल्या त्या गल्लीत आम्ही नवे भाडेकरू होतो. पहिल्या दिवशी मी आरोळीकडे दुर्लक्ष केलं आणि शाळेच्या वह्या तपासता तपासता खोकून खोकून लाल झाले. थोड्या वेळानं काका वाटीभर ठेचा घेऊन दारात हजर. "मास्तरीणबाई, खिडकी काहून नाही लावली? ठसका त लागलाच, आता खाऊन तरी घ्या!"

रेल्वेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थाला साधा चहा करता येत नसे, पण ठेच्याला ते काकूंचाही हात लागू देत नसत. सिगडीच्या निखाऱ्यांवर हिरव्या मिरच्या काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या आणि मूठभर लसूण, मीठ घालून खलबत्त्यात कुटायच्या. "लसूण नाही त चटणी म्हणा, ठेचा नका म्हणू," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत.

आणि एकुलत्या एका लेकीचं, सुधाचं लग्न ठरलं ते त्याच शहरातल्या कमानिया गेटजवळच्या हिंदीभाषक कापडवाल्यांकडे. त्या घरात कांदा-लसूण वर्ज्य! मुलगा लाखात एक होता, पण ठेच्याशिवाय सुधाला घास उतरत नसे. "पोरगी उपाशी राहीन हो तिथं," म्हणत काका अंगणात येरझाऱ्या घालत.

मग प्रयोग सुरू झाले. हिंग घालून पाहिला, आलं घालून पाहिलं. आलं घातलेलं चाखून काका म्हणाले, "हा त सर्दीचा काढा झाला." शेवटी मिरच्यांबरोबर टमाटरही निखाऱ्यावर भाजले, साल काढून कुटले, वर जिरं, कोथिंबीर, लिंबू. मी चाखून म्हटलं, "काका, फक्कड झालाय!" त्यांचा चेहरा पडला. "झाला न? बस. आता जास्त तारीफ नका करू."

तो ठेचा सुधाबरोबर सासरी गेला. महिन्याभरात विहीणबाईंचा निरोप आला, "समधीजी, चटनी तो घर भर ने चाट-चाट के खा ली. और भेजिए!" चटनी हा शब्द काकांनी मुकाट्यानं गिळला आणि तो निरोप गल्लीभर सांगत फिरले.

दिवाळीला सुधा माहेरी आली. काकांनी भरपूर लसूण घालून तिचा आवडता ठेचा केला, मलाही जेवायला बोलावलं. सुधानं एक घास खाल्ला आणि वाटी हळूच बाजूला सरकवली. "बाबा, लसणाचा लई वास येऊन राहिला. तो टमाटरवाला नाही काय?"

काकांनी ती वाटी स्वतःच्या पुढ्यात ओढली. मग एवढ्या मोठ्यानं हसले की सुधा दचकली. "ऐकलं काय?" ते काकूंना म्हणाले, "तिच्या घरची चव आठवून राहिली तिले. रमली पोरगी! आता मले काळजी नाही." लगेच उठून ते सिगडीपाशी टमाटर भाजायला बसले. काकांची पाठ आमच्याकडे होती, आणि टमाटर भाजून झाल्यावरही ते बराच वेळ वळले नाहीत.